काय कमी आहे तुला?

 

तूर काढायला आली आहे, हरभऱ्याला घाटे धरतायत आणि संक्रांत तोंडावर आहे. हाताला उसंत नाही, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून कामं करता करताच ऐका. आज आम्ही एका प्रश्नाबद्दल बोलणार आहोत. हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकींनी कधी ना कधी ऐकला आहे. आई विचारते, सासू विचारते, भाऊ विचारतो, नवरा तर विचारतोच. "काय कमी आहे तुला?"

डोक्यावर पत्रे का होईना पण छप्पर आहे. दोन वेळची भाकर आहे. लेकरं शाळेत जातात. नवरा दारू पीत नाही. मग तोंड का उतरलंय? काय कमी आहे तुला?

हा प्रश्न विचारणारा उत्तरासाठी थांबत नाही. आणि बाईलाही उत्तर सापडत नाही. ती मनात म्हणते, खरंच, काय कमी आहे? मग माझंच काहीतरी चुकत असेल. मी कृतघ्न असेन. नाहीतर कोणीतरी सांगतं, बाहेरचं लागलंय, अमक्या बुवाकडे घेऊन जा. असे महिने जातात, वर्षं जातात.

आम्हाला वाटतं, प्रश्न चांगला आहे. फक्त तो खरोखरीचा प्रश्न म्हणून विचारायला पाहिजे. काय कमी आहे, हे मोजता येतं का? पन्नासेक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या बोस्टन शहरात रॉबर्ट वाइस नावाच्या समाजशास्त्रज्ञानं नेमका हाच शोध घेतला. १९७३ साली त्यांचं एकटेपणावरचं पुस्तक आलं आणि १९७४ साली त्यांनी, माणसाला माणसांकडून काय काय लागतं, याची मांडणी केली.

त्यांचा हिशोब समजायला गटातल्या बाईला काही अवघड नाही. त्यांनी सुरुवात केली ती फंडाच्या कल्पनेपासून. त्यांना तपासायचं होतं, की माणसाला लागणारी सोबत ही फंडासारखी असते का? म्हणजे एकूण रक्कम भरली की झालं. एकाकडून जास्त मिळाली, दुसऱ्याकडून कमी मिळाली, तरी बेरीज तीच. असं असेल तर नवरा नसलेल्या बाईला भरपूर मैत्रिणी मिळाल्या की तिचं भागायला पाहिजे. आणि नवरा चांगला असेल तर मैत्रिणी नसल्या तरी चालायला पाहिजे.

हे पाहण्यासाठी ते दोन तऱ्हेच्या माणसांकडे गेले. पहिली माणसं होती जोडीदार नसलेले आईबाप, म्हणजे घटस्फोट झालेले, विधवा, विधुर. त्यांची एक संघटना होती. ते एकत्र जमायचे, बोलायचे, एकमेकांना मदत करायचे. त्यातून त्यांना पुष्कळ काही मिळालं. मैत्री झाली, दिवस बरे गेले. पण रात्रीचं एकटेपण गेलं नाही.

दुसरी माणसं होती लांबून बोस्टनला राहायला आलेली जोडपी. नवरा-बायकोचं बरं चाललेलं. नवऱ्याला नोकरीच्या ठिकाणी माणसं मिळाली. बायको मात्र नव्या गावात झुरत होती. नवऱ्याचं प्रेम होतं, पण घरातल्या रोजच्या बारीकसारीक गोष्टी ज्यांना कळतील, अशा बरोबरीच्या बायका तिच्याजवळ नव्हत्या.

मैत्रिणींनो, ही बोस्टनची बाई तुम्हाला ओळखीची वाटली का? आपल्याकडची नवी सून ती हीच. फरक एवढाच की तिथे अशा काही बायका होत्या आणि आपल्याकडे प्रत्येक पोरीला लग्न झालं की गाव सोडावंच लागतं. अश्विनात भुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या पोरी जरा आठवा. घरोघरी फिरायच्या, एकत्र टिपऱ्या खेळायच्या, डब्यातला खाऊ ओळखायच्या. चार-पाच वर्षांत त्या सगळ्या चार दिशांना जातात. आता मोबाईल आला, आईशी रोज बोलणं होतं. तरीही सून उदास दिसली की घरचे म्हणतात, रोज तर फोन होतो माहेरी! पण आई या गल्लीत राहत नाही. नळाला पाणी कधी येतं, कोणाच्या वावरात मजुरी चांगली मिळते, कोणत्या काकूंशी जपून बोलायचं, हे आईला माहीत नसतं. आईची माया एक गोष्ट आहे आणि शेजारणीची सोबत दुसरी गोष्ट आहे.

वाइस यांनी शेवटी हेच सांगितलं. सोबत ही फंडासारखी नसते. आम्ही म्हणू, ती जेवणासारखी असते. भाजीत मीठ नसेल तर दोन भाकरी जास्त खाऊन मिठाची कमी भरून निघत नाही. माणसाला माणसांकडून वेगवेगळ्या गोष्टी लागतात आणि त्या बहुतेक वेळा वेगवेगळ्या माणसांकडून मिळतात. वाइस यांनी अशा सहा गोष्टी सांगितल्या. त्या आम्ही आपल्या शब्दांत सांगतो. बोटांवर मोजा.

पहिली, जिवाचं माणूस. ज्याच्याजवळ बसलं की जीव थाऱ्यावर येतो, ज्याच्यापुढे रडायची लाज वाटत नाही. नवरा असेल, आई असेल, बहीण असेल, एखादीची जाऊही असेल.

दुसरी, बरोबरीच्या बाया. जिचं जगणं आपल्यासारखंच आहे, जिला अर्ध्या शब्दात कळतं. निंदण करताना शेजारच्या ओळीत जी असते ती.

तिसरी, हक्काचा आधार. रात्री दोन वाजता लेकरू आजारी पडलं तर ज्याच्या दाराची कडी वाजवायला विचार करावा लागत नाही. त्याच्याशी आपलं फार पटत असेलच असं नाही. भाऊ वर्षभर बोलत नाही, पण वेळ आली की गाडी घेऊन हजर होतो. हा आधार बहुतेक वेळा रक्ताच्या नात्यातून मिळतो, असं वाइस म्हणतात.

चौथी, कदर. तू हे काम चांगलं करतेस, तुझ्यावाचून हे झालं नसतं, असं कोणीतरी म्हणणं.

पाचवी, जाणत्याचा सल्ला. अडचणीत काय करावं हे विचारता येईल असं विश्वासाचं माणूस. एखादी आजी, आशाताई, शाळेच्या बाई, बँकेचा कागद समजावून सांगणारी सीआरपी ताई.

सहावी ऐकून काहींना नवल वाटेल. आपल्याला कोणाचं तरी करायला मिळणं. नुसतं घेऊन माणसाचं भागत नाही, त्याला द्यायलाही लागतं. कोणाला तरी आपली गरज आहे, हे कळायला लागतं.

आता म्हातारपणाकडे पाहा. पोरगा पुण्याला कंपनीत आहे. महिन्याला पैसे पाठवतो, आजारी पडलं की घेऊन जातो. म्हणजे तिसरी गोष्ट आहे. तो प्रेमानं म्हणतो, आई, आता तू काहीच करू नको, नुसती बसून खा. आणि आजी खंगायला लागते. कारण त्या प्रेमळ वाक्यानं तिची सहावी गोष्ट काढून घेतली. तिला शेळीचं पिल्लू द्या, परसात चार वांग्याची रोपं द्या, शेजारच्या लेकराला दुपारी सांभाळायला द्या. ती उठून बसेल.

चौथ्या गोष्टीचंही तसंच. पेरणीपासून सोंगणीपर्यंत बाई वावरात राबते. पण कोणी विचारलं की उत्तर मिळतं, "काही करत नाही, घरीच असते." कदर म्हणजे नुसतं गोड बोलणं असं समजू नका. ती कागदावरही दिसावी लागते. १९८६ साली नाशिक जिल्ह्यात चांदवडला शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं बायांचं मोठं अधिवेशन भरवलं. त्यानंतर लक्ष्मी मुक्तीची मोहीम आली. शेतकऱ्यानं आपल्या जमिनीतला वाटा बायकोच्या नावावर करावा, असं तिचं सांगणं होतं. सातबाऱ्यावरचं नाव ही सुद्धा कदरच आहे.

ही गोष्ट किती महत्त्वाची, ते पुढच्या अभ्यासांतही दिसलं. १९८७ साली कॅरोलिन कट्रोना आणि डॅनियल रसेल या दोघांनी वाइस यांच्या सहा गोष्टी मोजण्यासाठी २४ वाक्यांची प्रश्नावली तयार केली. पहिलटकरणी, परिचारिका, शिक्षक, म्हातारी माणसं अशा निरनिराळ्या लोकांबरोबर ती वापरली गेली. शिक्षकांच्या अभ्यासात दिसलं की ज्यांच्या कामाची दखल घेतली जाते, ते कामानं कमी खचतात. आपल्या अंगणवाडी ताईंना आणि आशाताईंना हे सांगायची गरज नाही.

आपल्या आज्या-पणज्यांना हे शास्त्र माहीत नव्हतं, पण भूक तीच होती. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत काय आहे? आई आहे, भाऊ आहे, लेक आहे, शेजारीण आहे, विठोबा आहे. जे कोणाला सांगता येत नव्हतं, ते बाई जात्याला सांगत होती. पुढे पिठाची गिरणी आली, खांदे सुटले, फार बरं झालं. जातं परत यावं असं कोणीच म्हणणार नाही. पण पहाटे समोरासमोर बसून दोन बायांचं जे बोलणं व्हायचं, त्याची जागा दुसऱ्या कशानं तरी भरायला पाहिजे होती.

ती जागा पुष्कळ गावांत बचत गटानं भरली. नाबार्डनं १९९२ साली गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली. माविम, उमेद गावोगाव पोचले. कागदावर हा पैशाचा व्यवहार आहे. पण दहा-वीस बाया दर आठवड्याला एका जाजमावर बसतात, तेव्हा बरोबरीच्या बाया मिळतात. अंतर्गत कर्जातून रात्रीच्या दवाखान्याला पैसे निघतात, तेव्हा हक्काचा आधार मिळतो. सचिव झालेल्या बाईचा हिशोब बँकेत बरोबर निघतो, तेव्हा कदर मिळते. योजनेचा अर्ज कसा भरायचा ते कळतं, तेव्हा सल्ला मिळतो. एखाद्या नवख्या बाईला सही शिकवली, तर कोणाचं तरी केल्याचं समाधानही मिळतं.

पाच झाल्या. राहिली पहिली, जिवाचं माणूस. ती गटातून मिळेलच असं नाही. म्हणून नवरा गेलेल्या बाईला, "गटात ये, सगळं विसरशील," असं सांगू नका. ती येईल, हसेल, बोलेल आणि घरी गेल्यावर रात्र तशीच मोठी असेल. त्यावर, "आम्ही इतकं केलं तरी हिचं रडणं संपत नाही," असं म्हणून रागावूही नका. बोस्टनच्या त्या संघटनेतल्या माणसांचंही तसंच होतं. गट कमी पडला असं नाही. ती उणीवच वेगळी आहे.

आता आजचं सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या विदर्भात, आपल्या वाशिम जिल्ह्यात, नवरा अवेळी गेलेल्या बाया किती गावांत आहेत, हे तुम्ही जाणता. कोणाचा आजारानं गेला, कोणाचा अपघातात, कोणी कर्जापायी जीव दिला. अशा बाईच्या सहा गोष्टी बोटांवर मोजून पाहा.

जिवाचं माणूस मरणानं नेलं. ते कोणाच्या हातात नव्हतं. पण बाकीचं कोणी नेलं? सासरचा हक्काचा आधार डगमगला तो जमिनीच्या वाट्यावरून. कदर गेली, कारण घरात कोणी तिचा सल्ला विचारेना. बरोबरीच्या बाया गेल्या, कारण संक्रांतीचं हळदीकुंकू आलं आणि तिला बोलावणं आलं नाही. डोहाळजेवणाला तिनं मागे उभं राहायचं. पोटच्या लेकीच्या लग्नात हळद लावायला पुढे यायचं नाही, म्हणजे कोणाचं तरी करायची संधीही गेली. मरणानं एक नेली. उरलेल्या एकेक करून रीतीनं नेल्या.

आणि जे रीतीनं नेलं, ते गाव परत देऊ शकतं. हे नुसतं बोलणं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. ४ मे २०२२ रोजी तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं गावात बंद. त्याच महिन्यात, १७ मे रोजी, महाराष्ट्र शासनानं परिपत्रक काढलं आणि सगळ्या ग्रामपंचायतींनी याचा आदर्श घ्यावा असं सांगितलं. म्हणजे आपल्या ग्रामसभेत हा विषय मांडायला आता शासनाचा कागद पाठीशी आहे.

त्याहून जुनी गोष्ट सांगायची तर १८५२ सालच्या संक्रांतीला सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात तिळगूळ समारंभ ठेवला होता. सगळ्या जातीच्या बायांना एकाच जाजमावर बसवून हळदीकुंकू आणि तिळगूळ दिला होता. त्याला पावणेदोनशे वर्षं होत आली. मग या संक्रांतीला आपल्या गटाच्या हळदीकुंकवाला कोण कोण बसणार, हे ठरवायला आपल्याला कोणाची परवानगी पाहिजे?

काही जणी म्हणतील, आम्ही बोलावतो पण तीच येत नाही. नुसतं आमंत्रण पाठवून ती येणार नाही. इतकी वर्षं तिला मागे उभं राहायला शिकवलं आहे. तिच्या घरी जा. वाण काय लुटायचं हे तिलाच ठरवायला सांगा. पहिली हळद तिच्या हातानं लागू द्या. पाहुणी म्हणून बोलावलं तर बरोबरीच्या बाया मिळतील. काम सोपवलं तर कदरही मिळेल.

आणखी एक सांगायचं आहे. आपल्यापैकी पुष्कळ जणी सहाच्या सहा गोष्टी एकाच खुंटीवर टांगतात. नवऱ्यानंच जीव लावावा, त्यानंच बोलावं, त्यानंच कदर करावी, सल्लाही त्यानंच द्यावा. एक माणूस हे सगळं पुरं करू शकत नाही आणि मग रोज रुसवेफुगवे होतात. एखादी आई सगळं पोराच्या खुंटीवर टांगते. पंचवीस वर्षं तिचं दुसरं कोणी नसतं. मग सून येते आणि घरात भांडण पेटतं. गाव म्हणतं, सासू खाष्ट आहे. पण तिची एकच खुंटी होती आणि तीही निघाली, हे कोणी पाहत नाही. तिला दुसऱ्या खुंट्या मिळाल्या, तिचा गट, तिची भजनी मंडळी, तिची शेळी, तर सुनेचाही श्वास मोकळा होईल.

आपलं शिरपूर ओळखलं जातं ते अंतरिक्ष पार्श्वनाथांमुळे. ती मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, या श्रद्धेनं लांबलांबून यात्रेकरू येतात. आधाराशिवाय राहणं देवाला शोभतं. माणसाला टेकू लागतात आणि ते मागण्यात कमीपणा नाही.

पण हेही लक्षात ठेवा. घरात मारहाण होत असेल, तर माणसं जोडून मार थांबत नाही. तिथे १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा. झोप उडाली, अन्न जाईना, जगणं नको वाटू लागलं, तर हा आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहे. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे. फोनला पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनाही सांगा. आणि गटातली एखादी बाई असं काही बोलली तर तिला एकटी सोडू नका, सोबत जा.

आता गृहपाठ. पुढच्या बैठकीत वसुली झाली, वही मिटली की प्रत्येकीनं पुढ्यात सहा खडे घ्यावेत. एकेक गोष्ट मोठ्यानं वाचावी. ती गोष्ट देणारं माणूस आपल्याजवळ असेल तर खडा उजवीकडे ठेवावा, नसेल तर डावीकडे. कोणी कोणाला काही सांगायची सक्ती नाही. जिला सांगावंसं वाटेल ती सांगेल. मग डावीकडच्या खड्यांकडे पाहा. तुमच्या मनातल्या हुरहुरीला तिथे नाव सापडेल. नाव सापडलं की ती कोणाकडे मागायची, हे कळायला लागतं.

आणि यापुढे कोणी विचारलं, काय कमी आहे तुला, तर गप्प बसू नका. सांगा. आणि तुम्ही स्वतः कोणाला विचारलंत, तर उत्तर येईपर्यंत तिच्याजवळ बसा.

आगाऊ संक्रांतीच्या शुभेच्छा. तिळगूळ घ्या, गोड बोला. नमस्कार.

गटात बोलण्यासाठी

१. सहापैकी कोणती गोष्ट आपल्या गटातून चांगली मिळते? कोणती मिळत नाही?
२. गावात या वर्षी नवीन आलेल्या सुना किती? त्यांच्या घरी गटातलं कोण जाणार?
३. एकट्या राहणाऱ्या आज्यांना कोणतं काम विश्वासानं सोपवता येईल?
४. या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कोणाकोणाला बोलवायचं आणि त्यांना कोणतं काम द्यायचं? ठराव लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.
५. विधवा प्रथा बंदीचा विषय ग्रामसभेत कोण मांडणार? तिच्या बाजूला कोण कोण बसणार?